उंदरांचं औषध

जानेवारीतल्या पोलिसांच्या गोळीबारात आमच्या नायगावच्या चाळीसमोर एक माणूस पडला, आणि तेव्हापासून माझी बायको राधा नळावरही जायला तयार नव्हती. दारावर थाप पडली तरी लटपटायची. मी समजावलं, चिडलो, शेवटी स्वतःच हंडे भरू लागलो.

मी परळच्या एका प्रयोगशाळेत उंदीर सांभाळायचो. ललिताबाई डॉक्टर तिथे एक नवं औषध तपासत होत्या. उंदीर सोडायच्या पेटीचा अर्धा भाग उजेडाचा, अर्धा अंधाराचा. घाबरलेला उंदीर अंधारात दडून बसतो. औषध दिलं की तोच उजेडात ऐटीत फिरतो. रोज बघून माझ्या डोक्यात शिरलं की राधालाही हेच हवं.

एक दिवस पूड कागदात बांधून घरी आणली. राधाचं वजन उंदराच्या दोन हजार पट, म्हणून डोसही दोन हजार पट. सातवी पास असल्याची मला भारी घमेंड. पण दुसऱ्या दिवशी सकाळी चहात पूड घालताना धीर सुटला, आणि मी निम्मीच घातली.

तासाभरात राधा गॅलरीत जाऊन उभी राहिली. खाली पोलिसांची गाडी होती, तिने ढुंकूनही पाहिलं नाही. माझी छाती फुगली. दुपारी मी भाकरी वाढली, तर ताटाकडे नुसती बघत बसली.

"जेव की."

"हं."

हात काही हलेना. मग तिथेच कलंडली. हाक मारली की डोळे उघडायची, पुन्हा मिटायची.

तेव्हा कुठे मला चणे आठवले. उजेडात फिरणारे ते उंदीर समोरच्या चण्यांना तोंडच लावत नसत. रोज संध्याकाळी मीच ते झाडून टाकायचो, आणि का उरतात हे कधी मनात आलं नव्हतं.

शेजारच्या मालनला राधाजवळ बसवून मी प्रयोगशाळेकडे धावलो. रस्त्यात संचारबंदी, नाक्यावर बंदुका. एका शिपायाने अडवलं. "बायको मरतेय," एवढंच बोलता आलं. त्याने सोडलं.

माझा हिशेब ऐकून ललिताबाई पांढऱ्याफटक पडल्या. "भिवा, माणसाचा डोस नुसत्या वजनावरून काढत नाहीत रे. निम्माच का दिलास?"

"भीती वाटली, बाई."

"म्हणून ती अजून जिवंत आहे."

त्यांच्या गाडीतून घरी येताना त्या म्हणाल्या, "मेंदूत औषध जाऊन चिकटायच्या जागा असतात. एकीकडे चिकटलं की भीती जाते, दुसरीकडे चिकटलं की काही करावंसंच वाटत नाही. या जागा वेगळ्या काढणं आम्हालाच अजून जमलेलं नाही, आणि तू घरी घेऊन गेलास."

बाई नाडी धरून बसल्या. मी राधाच्या पायाशी. माझ्या हातांनी मी हिला मारली, हेच डोक्यात घुमत होतं.

संध्याकाळी खाली कुणाचा तरी दगड पत्र्यावर आदळला. राधा दचकली. तिने माझं मनगट गच्च धरलं.

"दार लावा आधी," ती म्हणाली.

मी कडी घातली. वळलो तर ती ताटाकडे बघत होती.

"भूक लागलीय."

मला रडू फुटलं. थंड भाकरीचा तुकडा मोडून मी तिच्या हातात दिला, आणि तिने तो खाल्ला.