हम्मादीचं इंजिन

फाटकाला नवी साखळी होती. कुलूपही नवं, अजून तेलकट. मेहरेजने ते हातात घेऊन उलटंपालटं करून पाहिलं. पंप दुरुस्त करणाऱ्या माणसाला लोखंड हाताळल्याशिवाय विश्वास बसत नाही.

"तोडणार आहेस की काय, उस्ता?" फाटकापलीकडून साद म्हणाला. साद म्हणजे इथला रखवालदार. जन्मभर याच वेताच्या दलदलीच्या कडेला शेळ्या चारल्या, आणि आता म्हातारपणी जमिनीच्या मालकाने त्याला एक शिट्टी आणि एक खुर्ची दिली होती.

"सादकाका, गेल्या रविवारी इथे फाटक तरी होतं का?"

"गेल्या रविवारी मालकांनी तुमचं रेकॉर्डिंग ऐकलं नव्हतं."

मागे गाडीतून सी नूरी उतरले; 'सी' म्हणजे इकडचं 'श्रीयुत'. मातर शहरातल्या शाळेत त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला, आणि निवृत्त झाल्यावर पक्षी बघणाऱ्यांचं मंडळ काढलं. मंडळ कसलं, जेमतेम एक गाडी भरेल इतकी माणसं. त्या सकाळी तर तिघंच होती, सी नूरी, मेहरेज आणि दवाखान्यात नर्स असलेली लमिया. मंडळाचं इंटरनेटवरचं पान तीच सांभाळायची.

"ही पायवाट सार्वजनिक आहे," सी नूरी वर्गात बोलावं तसं म्हणाले. "बिर जेद्दीच्या बायका चटयांसाठी वेत कापायला इथूनच जायच्या. माझ्याकडे फ्रेंचांच्या काळचा नकाशा आहे."

"मग नकाशावरूनच चाला, मास्तर. जमिनीवरून नका."

लमियाला हसू आलं आणि तिने ते खोकल्यात दडवलं. मेहरेजला मात्र हसू आलं नाही. "पण रेकॉर्डिंगमध्ये जागा कुठे सांगितली होती आम्ही?" त्याने विचारलं. "कुणाला कळलं?"

साद खुर्चीवरून उठला, साखळीपाशी आला आणि त्याच्याकडे बघत राहिला. त्याला खरोखरच आश्चर्य वाटलेलं दिसत होतं. "अरे बाबा, तूच तर लिहिलंस. हम्मादीचं इंजिन! हम्मादीचं इंजिन कुठे वाजतं हे बिर जेद्दीच्या शेळ्यांना ठाऊक आहे. मालक कुठले? बिर जेद्दीचेच ना?"

मेहरेजच्या हातातलं कुलूप खाली पडून साखळीला लोंबकळत राहिलं.

आता हे हम्मादी प्रकरण सांगायला हवं. हम्मादी म्हणजे मेहरेजचा बाप. बिर जेद्दीत पहिला डिझेल पंप त्याने आणला. एका सिलिंडरचं ते धूड हँडल मारून सुरू केलं की पहिले चार-पाच ठोके सावकाश पडत, पोटातून आल्यासारखे: धूंब… धूंब… धूंब. तो आवाज आला की बायका डबे घेऊन पाटावर जायच्या. एका वसंतात पहाटे आवाज आला, बायका गेल्या, पाट कोरडा ठणठणीत आणि हम्मादी घरात घोरत पडलेला. दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी कुणाच्या तरी लक्षात आलं की आवाज वेताच्या बेटातून येतोय. मातकट रंगाचा, बगळ्याच्या जातीचा एक लाजरा पक्षी, वेतात मान वर करून उभा राहिला की हाताच्या अंतरावरून दिसायचा नाही, तो छाती फुगवून हम्मादीचा पंप वाजवत होता. त्या दिवसापासून त्याचं नाव पडलं ते पडलंच. पाच कोसांवरच्या गावात त्याला कुणी या नावाने ओळखत नाही. तिथे हम्मादी नव्हता ना!

पुढे विहिरी आटल्या, माणसं राजधानीला गेली, हम्मादी मेला. त्याच्या कबरीवरची अक्षरं पावसाने धुऊन नेली. पण दर वसंतात वेतातून कुणीतरी त्याचा पंप सुरू करत होतं, आणि उरलीसुरली माणसं कूस बदलून म्हणत होती, "हम्मादी उठला." मेहरेजला दुसरी इस्टेट नव्हती, आणि याहून मोठी इस्टेट असू शकते असं त्याला कधी वाटलंही नाही. मग मधली बरीच वर्षं तो आवाजही बंद झाला. यंदा वसंत लागता लागता मेहरेजने तो पुन्हा ऐकला. ऐकला आणि पाणथळाच्या कडेला मटकन बसला.

त्याच आठवड्यात लमियाने रेकॉर्डिंग केलं. सी नूरी नेमके तापाने अंथरुणात होते. तरुणपणी पुस्तकात या पक्ष्याबद्दल वाचल्यापासून त्यांना तो एकदा कानांनी ऐकायचा होता, आणि आता त्या कानांचीही खात्री राहिली नव्हती.

रेकॉर्डिंग जगापुढे ठेवायचं तर मंडळाचा नियम कडक होता: जागा सांगायची नाही. शिकारी येतात, फोटोवाले येतात. लमियाने कुत्र्याचं भुंकणं कापलं. मेहरेजने तर मागची अजानही काढायला लावली, कारण बिर जेद्दीच्या मुअज्जिनचा चिरका गळा आख्ख्या मुलखात ओळखू येतो. एवढी खबरदारी घेतली, आणि मग नावावरून भांडण लागलं.

"पुस्तकात याचं अरबी नाव 'वाक' आहे, तेच लिहायचं," सी नूरी म्हणाले होते.

"पुस्तक कैरोत बसून लिहिलंय, सर," लमिया म्हणाली. "आणि फ्रेंच लोक त्याला बैल म्हणतात. आपली माणसं काय म्हणतात ते कधी लिहायचं? जगभरचे पक्षीवाले स्थानिक नावं मागवतायत."

"उद्या प्रत्येक गल्लीचं वेगळं नाव घ्याल. कुणाचं इंजिन, कुणाची म्हैस! शास्त्र म्हणजे काय चहाचं दुकान आहे?"

मेहरेजने मात्र लमियाकडे असं पाहिलं, की तिने सी नूरींचं न ऐकता मोठ्या अक्षरात 'हम्मादीचं इंजिन' टाकून दिलं. अजान कापली आणि नाव ठेवलं. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

"मालक ऐकून काय म्हणाले?" फाटकापाशी लमियाने हळूच विचारलं.

"तीनदा ऐकलं म्हणे," साद म्हणाला. "लहानपण आठवलं. डोळ्यांत पाणी आलं. मला फोनवर म्हणाले, साद, आई आम्हाला त्या आवाजावर उठवायची रे. आणि मग म्हणाले, फाटक बसव."

"का पण?"

"का म्हणजे? आज पक्षी सापडला, उद्या सरकारी माणूस येणार, परवा पाटी लागणार. मग माणसाने बटाटे काय डोक्यावर लावायचे? त्यांना यंदाच पाणी काढून नांगर घालायचाय." सादने खुर्ची सरळ केली, पण बसला नाही. "मेहरेज, तुझ्या बापाचं मीठ खाल्लंय मी. पण शिट्टी त्यांची आहे."

परतताना गाडीत सी नूरी म्हणाले, "मी सांगत होतो, 'वाक' लिहा." आणि लगेच, मेहरेजचा चेहरा पाहून, "जाऊ दे. वनखात्यात मी जातो."

ते गेले. साहेबाने चहा पाजला आणि म्हणाला, जुनं रेकॉर्डिंग कुठलंही असू शकतं, ताजं आणा, सार्वजनिक रस्त्यावरून केलेलं. पक्षी अजून तिथे आहे हे दिसलं तर सोमवारी मी स्वतः येतो आणि काम थांबवतो. मास्तर आनंदाने परत आले. हमरस्त्याच्या भरावावरून वेताचं बेट समोरच दिसतं, आणि वारा धड असला तर आवाजही पोचतो. रविवारी पहाटे जायचं ठरलं.

मधल्या दिवसांत मेहरेजचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. पाना हातात असायचा आणि तो पानाच शोधायचा. बायको म्हणाली, "पक्षी जाईल तर जाईल. बाप तर तुझा केव्हाच गेलाय." ती वाईट बाई नव्हती, पण तिचं माहेर बिर जेद्दीचं नव्हतं.

बुधवारी एका अनोळखी ड्रायव्हरने दुकानात पंप आणला. ट्रॉलीवर बसवलेलं एका सिलिंडरचं जुनं इंजिन, पुढे जाडजूड पाईप. वर्षानुवर्षं गोदामात पडून गंजलेलं.

"कुठलं?" मेहरेजने विचारलं.

"सजनानकडचं. जैतुनाच्या बागेला पाणी द्यायचंय. घाई आहे, उस्ता."

मेहरेज खाली वाकला. ट्रॉलीच्या चाकांना काळा चिखल वाळला होता, आणि चिखलात वेताची ठेचलेली पानं अडकली होती. सजनानची माती तांबडी असते. तो सरळ झाला. ड्रायव्हर दुसरीकडे बघत होता.

दुसऱ्यांदा विचारायचं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण विचारून उत्तर मिळालं असतं तर? हम्मादी म्हणायचा, इंजिन कुणाचं ते विचारायचं नसतं, का बंद पडलं ते विचारायचं. मेहरेजने त्या वाक्याचा आडोसा घेतला आणि इंजिन उघडलं. काळ्या मातीची दुसरी शंभर शेतं आहेत या मुलखात, असं मनाला बजावत राहिला. आणि एकदा इंजिन उघडल्यावर त्याला वाईट काम करता येत नसे. रिंगा बदलल्या, नोझल साफ केलं. एक वॉल्व्ह झिजलेला होता, त्याचा नवा भाग मिळेना. त्याने जुनाच घासून बसवला. हँडल मारल्यावर इंजिन धूंब करून उठलं, आणि प्रत्येक ठोक्यामागे त्या वॉल्व्हची बारीकशी टिचकी वाजत राहिली.

"हे टिकटिक काय?" ड्रायव्हरने विचारलं.

"त्याने काही बिघडत नाही. चालेल."

"किती चालेल?"

"मी लावलंय. बंद पडणार नाही," मेहरेज म्हणाला. सवयीनं म्हणाला.

रविवारी उजाडायच्या आधी तिघं भरावावर उभी होती. थंडी होती. सी नूरींनी थर्मासमधला पुदिन्याचा चहा वाटला, आपला पेला मात्र तसाच खाली ठेवला, कारण चहा पिताना आवाज होतो. लमियाने माईक रेलिंगला बांधला. समोर धुक्यात वेताचं बेट नुसतं काळं दिसत होतं. पाणकोंबड्या ओरडल्या. अजान झाली, तोच चिरका गळा. मग सगळं शांत.

आणि मग आला. लांबून, वाऱ्यावर तुटत, पोटातून आल्यासारखा. धूंब… धूंब… धूंब.

सी नूरींनी मेहरेजचा दंड घट्ट धरला. दुसरा हात कानामागे नेला. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते पुसायचं त्यांना सुचत नव्हतं.

"ऐकलंस?" ते कुजबुजले. "ऐकलंस ना? हम्मादीचं इंजिन!"

शास्त्र आणि चहाचं दुकान, सगळं विसरून म्हातारा ते नाव घेत होता. लमिया माईकवर वाकली होती, हसत होती आणि रडतही होती. "आलंय, सर, स्पष्ट आलंय! उद्या साहेबांना ऐकवू."

मेहरेज ऐकत राहिला. पक्षी तीन-चार हाका देतो आणि थांबतो. छाती पुन्हा भरायला त्याला वेळ लागतो. हा थांबला नाही. ठोके जवळजवळ येत गेले, एका लयीत लागले. आणि वारा क्षणभर सरळ झाला, तेव्हा प्रत्येक ठोक्यामागे ती बारीकशी टिचकी त्याला ऐकू आली.

तो गप्प बसू शकला असता. मास्तरांना दिवसभर तरी सुख मिळालं असतं, आणि साहेबाला फरक कळलाच असता असं नाही. पण साहेब सोमवारी येणार होता, आणि पाणी तोवर थांबणार नव्हतं.

"सी नूरी," तो म्हणाला. म्हाताऱ्याने वेतावरची नजर हलवली नाही, म्हणून पुन्हा म्हणाला. "सी नूरी, तो पक्षी नाही. पंप आहे. ते पाणी काढतायत."

"काय बोलतोस? मी ऐकतोय ना!"

"बुधवारी मी दुरुस्त केलाय. माझ्या हातचा आहे."

लमियाने मान वर केली. मग ती पळत सुटली, भराव उतरून गाडीकडे, फोनवर कुणाला तरी उठवत. साहेबाला असेल. रविवार होता. कुणी उचलत नव्हतं.

सी नूरींनी कानामागचा हात खाली घेतला नाही. तसेच उभे राहिले, तोंड वेताकडे करून, समजल्यासारखे आणि न समजल्यासारखे. मेहरेजला वाटलं, त्यांनी रागवावं, काठी घालावी पाठीत. पण त्यांनी त्याच्या दंडावरचा दुसरा हातही काढला नाही.

भरावाखालच्या मोरीतून, जिथे हिवाळ्यातला पाऊस सोडला तर कधी थेंब नसतो, पाणी यायला लागलं. काळंभोर, वेताचे तुकडे आणि फेस घेऊन, रस्त्याच्या चारीतून समुद्राच्या दिशेने चाललं. त्यात बोटाएवढे मासे उलटेसुलटे होत होते आणि एक बगळा आधीच येऊन त्यांना टिपत होता.

ऊन वर आलं. धुकं गेलं. दोघं अजून ऐकत होते. इंजिन एकदाही अडखळलं नाही.