नकाशेकाकांची यादी

"काका, हात जरा बाजूला घ्या. फोटोत येतोय."

नकाशेकाकांनी हात काढला, पण लगेच नाही. समोरच्या भिंतीवर सहा मजल्यांचे सहा नकाशे होते, जाड पुठ्ठ्यावर डकवलेले, आणि त्यांवर टाचण्यांनी टोचलेल्या चारशे बारा रंगीत चिठ्ठ्या. विक्री विभाग हिरवा, खरेदी पिवळा, तक्रार लाल. पंखे बनवणाऱ्या त्या कंपनीच्या मुख्य इमारतीत कोणी कुठे बसायचं, हे तेवीस वर्षं याच भिंतीवर ठरत आलं होतं. ठरवणारा हात आता फोटोत नको होता.

फोटो काढणारी बाई तिशीतली. नव्या सॉफ्टवेअरसाठी कंपनीने तिला दोन महिन्यांपूर्वी घेतलं होतं. सगळे तिला मॅडम म्हणायचे. नकाशेकाकाही तोंडावर मॅडमच म्हणायचे, मनात मात्र लॅपटॉपवाली.

"आणि बसणाऱ्यांची यादी? कर्मचारी विभागाची घेऊ?" तिने विचारलं.

"त्यांची कशाला? सहा महिने मागे असते ती. माझी घ्या. एक माणूस इकडचा तिकडे सापडायचा नाही." काकांनी कपाटातून वही काढून तिच्यापुढे ठेवली, जरा आपटूनच.

तिने ती दोन दिवसांत संगणकात भरली. मग म्हणे सॉफ्टवेअर बघणार, कोणता विभाग कोणाला दिवसाला किती मेल पाठवतो. ज्यांचं एकमेकांत जास्त चालतं, त्यांना शेजारी बसवायचं. बास. काकांना एकेका फेरबदलाला दीड महिना लागायचा. माणसांना भेटा, रुसवे काढा, खिडकीवरून भांडणारे दोघे गाठून दोघांनाही खिडकी नाकारा. हिच्या लॅपटॉपला अकरा मिनिटं लागली. चहा निवायच्या आत चारशे बारा माणसं बसवून मोकळी.

तेही चाललं असतं. खरं दुखणं होतं मोठ्या साहेबांचं. दर फेरबदलाला साहेब कप हातात घेऊन पाचव्या मजल्यावर, जिन्याशेजारच्या या कोपऱ्यात यायचे, भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे आणि विचारायचे, "काय काका, यंदा कोणाला कुठे ढकलताय?" पगार किती वाढला हे काकांना कधी लक्षात राहिलं नाही, पण साहेब कोणत्या साली किती वेळा येऊन गेले हे त्यांना पाठ होतं. आता साहेब लॅपटॉपवालीच्या खुर्चीमागे उभे राहत. कप तोच, हसणंही तेच.

"पडद्यावर मजला गोल फिरवून दाखवते," काका घरी जेवताना म्हणाले. "लहान मुलाला भोवरा दाखवावा तसा. आणि साहेब बघत बसतात."

"तुम्ही आज तिचं नाव आठव्यांदा काढलंत," बायको म्हणाली. "भाजी घ्या. जळताय तुम्ही तिच्यावर."

"मी? त्या पोरीवर?"

"पोरीवर नाही. साहेब तिच्यापाशी उभे राहतात, त्यावर."

काकांनी भाजी घेतली आणि पुढचा घास पाण्याबरोबर ढकलला. बत्तीस वर्षांच्या संसारात या बाईने एकदा तरी खोटं बोलून माणसाला बरं वाटू द्यायला हरकत नव्हती.

दुसऱ्या दिवशी आराखडा पडद्यावर आला आणि काकांच्या मनात आनंदाच्या उकळ्या फुटल्या. तिसऱ्या मजल्यावर सॉफ्टवेअरने तक्रार विभाग आणि पाठवणी विभाग शेजारीशेजारी बसवले होते. मधे नुसती छातीइतकी फळी. दोघांमध्ये दिवसाला दोनशे मेल चालत, हे खरंच होतं. पण ते दोनशे मेल म्हणजे दोनशे भांडणं होती, हे त्या डब्याला कोण सांगणार? पंखा पोचला नाही म्हणून तक्रारवाल्या बाई पाठवणीप्रमुखांना लिहीत, 'पत्ताच अर्धा घेतलाय' म्हणून ते उलट लिहीत. विळ्याभोपळ्याचं सख्य. एकदा कँटीनमध्ये ट्रे आपटण्यापर्यंत गेलं, तेव्हापासून काकांनी त्यांना अकरा वर्षं चार मजल्यांच्या अंतरावर ठेवलं होतं. हे कुठल्याच वहीत लिहिलेलं नव्हतं. फक्त काकांच्या डोक्यात होतं.

"काका, तुम्ही एकदा बघून घ्या," लॅपटॉपवाली म्हणाली. "काही सुटलंय का?"

काकांनी चष्मा पुसला. तिसरा मजला पुन्हा एकदा डोळे भरून बघितला. बाकीच्या मजल्यांकडे त्यांनी ढुंकूनही पाहिलं नाही.

"छे. सगळं झकास आहे."

तिने चार दिवसांनी पुन्हा विचारलं. शुक्रवारी संध्याकाळी, सामान हलवणारे दोरखंड घेऊन खाली थांबले होते तेव्हा, तिसऱ्यांदा विचारलं. त्या वेळी ती थकलेली दिसत होती, डोळे लाल झाले होते, आणि आवाजात विनंती होती. "काका, खरंच सांगा. तुम्हाला जे माहितीय ते मला नाही. काही सुटलंय का?"

सांगावं असं काकांना वाटलं, हे खोटं नाही. शब्द ओठांपर्यंत आले होते. तेवढ्यात मागून साहेबांचा आवाज आला, "मॅडम, कमाल केलीत हं." ओठांपर्यंत आलेलं काकांनी गिळून टाकलं.

"काही सुटलेलं नाही," ते म्हणाले.

सोमवारी काका अर्धा तास आधी आले आणि स्वतःच्या कोपऱ्यात न जाता थेट तिसऱ्या मजल्यावर गेले. पाण्याच्या यंत्राशेजारी ग्लास घेऊन उभे राहिले. तमाशा पहिल्या रांगेतून बघायचा होता.

साडेनऊला पहिला फोन वाजला. तक्रारवाल्या बाईंनी ऐकून घेतलं, फोनवर हात ठेवला, फळीवरून मान वर काढली. काकांनी श्वास रोखला.

"अहो, ते शाळेचे सहा पंखे निघाले का?"

"शनिवारीच निघाले. आज पोचतील, सांगा त्यांना," पाठवणीप्रमुख मान वर न करता म्हणाले.

"निघालेत, आज पोचतील," बाई फोनवर म्हणाल्या. संपलं. ज्याला चार दिवस आणि नऊ मेल लागायचे, ते एका दमात उरकलं. काका तिथेच उभे राहिले, पाचवा ग्लास पाणी प्याले. अकराच्या सुमारास बाई फळीवरून म्हणत होत्या, "तुमचा आवाज इतका मऊ आहे हे माहीत नव्हतं हो. मेलमध्ये तर अगदी खेकसता." आणि पाठवणीप्रमुख चक्क लाजले.

अकरा वर्षं. काकांना एकदम दमल्यासारखं झालं. भांडण मिटवतोय असं समजून आपणच ते सांभाळून ठेवलं होतं. आणि हे एका डब्याने, काही माहीत नसताना, अकरा मिनिटांत मोडून दाखवलं. हेवा काय असतो ते त्यांना त्या क्षणी खऱ्या अर्थाने कळलं. ग्लास ठेवून ते जिना चढून आपल्या जागेवर गेले.

जागेवर झेरॉक्सचं मशीन होतं.

टेबल नव्हतं, खुर्ची नव्हती. पुठ्ठे गुंडाळून कोपऱ्यात उभे केले होते. काका लिफ्टजवळ लावलेल्या यादीपाशी गेले. पाचवा मजला वाचला. मग सहावा. मग पहिल्यापासून सगळे. तिसऱ्यांदा वाचताना त्यांच्या लक्षात आलं. चारशे बारा चिठ्ठ्या त्यांनी स्वतःच्या हाताने कापल्या होत्या, त्यांत स्वतःची कधी कापलीच नव्हती. नकाशा करणाऱ्याने नकाशात कशाला बसायचं? वहीतही चारशे बाराच नावं. आणि इतकी वर्षं आपल्याला कोणी हलवणार नाही, हे त्यांनी धरूनच चाललं होतं.

"काय काका, कुठे मिळाली जागा?" साहेब लिफ्टमधून बाहेर पडत होते. त्यांनी काकांचा चेहरा पाहिला, यादी पाहिली, आणि आवाज चढवला. "मॅडम, जरा इकडे या. तेवीस वर्षांचा माणूस सुटतो तुमच्या त्या यंत्रातून?"

ती आली. यादीवरून तिचं बोट खाली गेलं आणि चेहरा उतरला. चारी बाजूंनी माना वर झाल्या. दोन महिने काकांनी हेच तर मागितलं होतं, अगदी याच आवाजात, याच लोकांसमोर. ती काकांकडे बघत राहिली. यादी कोणाची होती, तीनदा कोणी विचारलं होतं, यातलं तिने काहीच सांगितलं नाही.

"चुकलं सर," ती म्हणाली.

"साहेब," काका म्हणाले, आणि आवाज इतका खोल गेला की त्यांना पुन्हा म्हणावं लागलं. "साहेब, यादी माझी होती. कर्मचारी विभागाची मीच घेऊ दिली नाही. यांनी मला तीनदा विचारलं. मी तीनदा नाही म्हणालो. आणि तिसऱ्यांदा तर मनात पाप ठेवून म्हणालो."

साहेबांना शेवटचं वाक्य कळलं नाही. तिला बहुतेक कळलं असावं, कारण तिने मान खाली घातली. साहेब "बघा काहीतरी" म्हणून निघून गेले.

तिने लॅपटॉप उघडला. "काका, विभाग कुठला टाकू? विभागाशिवाय हे जागा देत नाही."

काकांनी विचार केला. सहाही मजल्यांवरचं प्रत्येक माणूस त्यांना माहीत होतं, पण ते स्वतः कुठल्या रंगाचे, हे आठवेना.

"मग माझ्यात टाकते," ती म्हणाली. "मी एकटीच आहे."

दोन मिनिटांत खुर्ची आली. तिच्या डाव्या हाताला, मधे फळीसुद्धा नाही. काकांनी गुंडाळलेले पुठ्ठे पायाशी ठेवले. खिशातून काढलेल्या कोऱ्या चिठ्ठीवर स्वतःचा नंबर लिहिला, पाच एकेचाळीस. तेवीस वर्षांतला पहिला.

"सांगायला हवं होतं मी," ते हळूच म्हणाले.

"तिसऱ्या मजल्याचं?" तिने विचारलं. "ते भांडतात, हे मला तक्रारवाल्या बाईंनी आधीच सांगितलं होतं. म्हटलं, काका बोलत नाहीत, म्हणजे काहीतरी विचार असेल त्यांचा."



चार वाजता साहेब कप घेऊन आले. सवयीने जिन्याशेजारी थबकले, झेरॉक्स मशीन बघून वळले आणि तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "काय मॅडम, आता दुसऱ्या इमारतीचं कधी?" जागा अरुंद होती. कप सांभाळत त्यांना एका पायावर उभं राहावं लागत होतं. काकांनी ते पाहिलं, आणि साहेबांना नीट उभं राहता यावं म्हणून आपली खुर्ची हातभर मागे घेतली.