मालकीणबाईंचा राहिलेला कोर्स

मी एक जंतू बोलतोय. आतड्यातला. नाक मुरडू नका, तुमच्याही पोटात माझे नातेवाईक आहेत, आणि आत्ता ते तुमचा नाश्ता खातायत.

माझा जन्म कधी झाला ते सांगता येणार नाही. आमच्यात एकाचे दोन होतात आणि दोघंही म्हणतात, मीच थोरला. त्यामुळे वाढदिवसाचा प्रश्न येत नाही. पण मूळ घर पक्कं माहीत आहे. मी मालकीणबाईंच्या पोटातला. बेकरीवाल्याची बायको, दिवसभर काउंटरवर उभी. आमचं घराणं बाईंना त्यांच्या आईकडून मिळालं, जन्मतानाच. आईचे दागिने थोरल्या बहिणीला गेले, बाईंच्या वाट्याला आम्ही आलो. बाईंना ही वाटणी कुणी सांगितली नाही, ते बरंच झालं.

मालकांच्या पोटात मी आलो तो चमच्यावरून. बाईंची एक सवय होती. शेगडीवर कडधान्याचं सूप उकळलं की आधी स्वतः एक चमचा चाखायच्या आणि तोच चमचा परत बुडवून मालकांच्या तोंडाशी धरायच्या. अहो, मीठ बघा. मालक म्हणायचे, बरोबर आहे. तीस वर्षं मीठ रोज बरोबरच निघालं. मग विचारता कशाला, असं मुलीने एकदा म्हटलं, तर दोघंही तिच्याकडे असे बघत राहिले, जणू तिने पावात यीस्ट कशाला घालता असं विचारलंय.

बाईंच्या आतड्यातून मी चमच्यापर्यंत कसा पोचलो, ते जेवताना ऐकण्यासारखं नाही. पोचलो. वाटेत मालकांच्या पोटातलं ॲसिड लागलं. निघताना आम्ही काही हजार होतो, उतरलो तेव्हा सात-आठ. तिथेच संसार थाटला.

बघतो तर इथे बटरचं राज्य. ट्रेला बटर, पावाला बटर, आणि बटरचा कागद फेकायच्या आधी मालक तो पुसून घ्यायचे. जिभेने. अशी चरबी रोज आली की लिव्हर रक्तातलं कोलेस्टेरॉल उचलायचं काम ढिलं करतं. मग ते कोलेस्टेरॉल रक्तवाहिन्यांत हिंडत बसतं, कामधंदा नसलेल्या टोळक्यासारखं.

आमचं काम इथे सुरू व्हायचं. आतड्यात आलेलं थोडं कोलेस्टेरॉल आम्ही असं बदलून टाकतो की शरीराला ते परत शोषताच येत नाही. ते थेट बाहेर जातं. शिवाय बाईंच्या सूपमधला चोथा पित्ताला धरून आपल्याबरोबर बाहेर न्यायचा. मग लिव्हरला नवं पित्त करावं लागायचं, आणि पित्त होतं कोलेस्टेरॉलपासूनच, म्हणजे ते रक्तातून उचलणं आलंच. आमचा वाटा छोटा. पण सुट्टी कधी घेतली नाही.

मुलगी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते. दरवर्षी बापाच्या दंडाला रबर बांधून स्वतः सुई टोचायची. कोलेस्टेरॉलचा आकडा काठावर यायचा, पण काठाच्या आत. ती म्हणायची, एवढं बटर खाऊन हा आकडा, म्हणजे आमचं मशीनच बिघडलंय. मालक छाती फुगवून शेजाऱ्यांना सांगत सुटायचे की आमचं रक्तच मुळात चांगलं. आम्ही आत गप्प.

मग बाईंना न्यूमोनिया झाला. डॉक्टरांनी अँटिबायोटिकचा कोर्स दिला आणि बोट रोखून सांगितलं, बरं वाटलं तरी कोर्स अर्धवट सोडायचा नाही. बरं वाटलंच नाही. हॉस्पिटलात न्यावं लागलं, आणि तिथून बाई घरी आल्या नाहीत. माझं मूळ घर बाईंबरोबर संपलं. जेवणाच्या टेबलावर पाकिटात नऊ कॅप्सूल राहिल्या.

शेगडी थंड पडली. मालकांना पाचशे पाव एकदम भाजता येतात, एका माणसाचं सूप करता येत नाही. तिन्ही वेळ बटरपाव. आम्हाला चोथा मिळेना. उपाशी माणूस भिंतीकडे बघत बसतो, आम्ही भिंतच खायला लागलो. आतड्याला आतून चिकट अस्तर असतं, ते. ज्या घरात राहायचं त्याचाच गिलावा खायचा, लाज वाटायची. शेजारची पित्तावर पोसणारी जंतूमंडळी मात्र गब्बर झाली.

एका दुपारी मालक बेकरी बंद करून टेबलाशी बसले. पाकीट उलटसुलट केलं. मग समोरच्या रिकाम्या खुर्चीला म्हणाले, "तुझा कोर्स राहिलाय गं. नऊच आहेत. मी संपवतो."

आणि पहिली कॅप्सूल गिळली.

लोक गेलेल्या माणसाचा स्वेटर घालतात, चष्मा जपतात, असं ऐकून आहे. आमच्या मालकांनी औषध घेतलं. दिवसाला दोन, जेवण झाल्यावर, ग्लासभर पाण्याबरोबर. एकही वेळ चुकवली नाही. गिळून झाल्यावर खुर्चीला आकडा सांगायचे. सहा राहिल्या. चार राहिल्या. इतक्या दिवसांत ते पहिल्यांदाच कुणाशी बोलत होते.

आत काय झालं ते थोडक्यात सांगतो. शेजारची मंडळी टिकली. आमचं घराणं त्या औषधाला नेमकं कच्चं निघालं. माझ्या डाव्या बाजूचे पहिल्या दिवशी गेले, उजवीकडचे तिसऱ्या. अपेंडिक्स नावाचा एक बोळ आहे, लोक त्याला बिनकामाचा म्हणतात. मी तिथे शिरलो म्हणून वाचलो. बाईंचं जिवंत असं जे काही या माणसात उरलं होतं, ते त्याने साडेचार दिवसांत संपवलं. प्रेमाने, वेळेवर, पाण्याबरोबर.

पुढच्या तपासणीत आकडा काठ ओलांडून पार पलीकडे गेला. मुलीने पुन्हा रक्त काढलं. तोच आकडा. बापाच्या हातावर कापूस दाबून तिने विचारलं, "बाबा, मध्ये काही औषधं घेतलीत?"

"माझी नाही घेतली."

"मग कुणाची?"

मालक म्हणाले, "कोर्स अर्धवट सोडायचा नाही म्हणाले होते ना डॉक्टर."

 रक्त कधीच थांबलं होतं, तरी ती कापूस दाबून उभी राहिली.

डॉक्टर म्हणाले, त्या नऊ कॅप्सूलवर सगळं ढकलू नका, बटरचा हात मोठा आहे. हृदयाची एक रक्तवाहिनी बरीच अरुंद झालीय. गोळी सुरू करा, बटर सोडा, कडधान्यं, भाज्या, सालासकट फळं खा. आकडा उतरला नाही तर पुढचं बघावं लागेल. पुढचं म्हणजे काय, ते मुलीने विचारलं नाही. तिला माहीत होतं.

आता ती रोज कामावरून येताना डब्यात सूप आणते. मालक गोळी घेतात, कारण मुलगी समोर उभी असते. सूप नंतर खातो म्हणतात. ते नंतर अजून आलेलं नाही.

मी अजून बोळातच आहे. एकटा. मालक, तुमच्या पोटात बाईंच्या घरचा मी शेवटचा. दोन चमचे खा. एकाचे दोन व्हायला मला तेवढं पुरतं, दोनाचे चार व्हायला मी बघून घेईन. तुमचं हृदय माझ्या एकट्याने सावरणार नाही, पण काम येतं मला, उभं तर राहू द्या.

काल मुलगी समोर बसली, चमचा त्यांच्या हातात दिला. मालक वाटीकडे बघत म्हणाले, "घरात तिचं आता काहीच उरलं नाही गं."

मी जीव तोडून ओरडलो. मालकांच्या पोटात मोठ्याने गुरगुरलं.

मुलीने मान वर केली. "बाबा, भूक लागलीय तुम्हाला."

"छे," मालक म्हणाले. "गॅस झालाय." आणि वाटी सरकवली.