हैबतीकाकांची वाटी

गोकुळाष्टमीला आमच्या वस्तीवर दुपारपासून तीन पत्ती बसते. पैसे लावत नाहीत, चिंचोके लावतात. प्रत्येकाला एक वाटी भरून. ज्याची वाटी सगळ्यांत आधी रिकामी होईल त्याने उठायचं, कड्यावरच्या भैरवनाथाला नैवेद्य ठेवायचा आणि परत येऊन बसायचं. त्याच्याऐवजी दुसऱ्याने गेलेलं चालत नाही.

गेल्या वर्षी हैबतीकाका आधी बाद झाले. नैवेद्य घेऊन धुक्यात गेले ते परतलेच नाहीत. नैवेद्य देवापुढे नीट ठेवलेला सापडला, पण काका कुठेच नाहीत. विंझरपासून माणसं आली, कड्याखाली दोर टाकून उतरली. त्यांच्या बायकोने, भामाकाकींनी, दिवस मात्र घालू दिले नाहीत. माणूस देवाला गेलाय, येईल, एवढंच म्हणायच्या.

या वर्षी त्यांनी काकांच्या जागेवर त्यांची घोंगडी अंथरली आणि तिच्यापुढे भरलेली वाटी ठेवली. पत्ते वाटायला त्या स्वतः बसल्या.

"त्यांच्या वाटीतनं बूट म्या घालीन," त्या म्हणाल्या. "पर पॅक ज्याचं त्यानंच म्हणायचं."

मला तर हसूच आलं. मी शिवऱ्याला हायवेवरच्या हॉटेलात गल्ल्यावर बसतो आणि मोबाईलवर पोकरच्या स्पर्धा खेळतो, फुकटच्या चिपांच्या. त्या स्पर्धेत सगळं शहाणपण आपल्या ढिगाकडे बघून ठरतं. ढीग मोठा असला की समोरच्याला दाबायचं. मध्यम असला की चांगल्या पत्त्यांची वाट बघायची. तळ दिसायला लागला की मूठभर उरलेले असतानाच सगळे एकदम लावायचे, कारण दोन चिपांना कुणी भीत नाही. पण आपल्याआधी दुसरा कुणी बुडणार असेल, तर नुसतं गप्प बसायचं. आणि इथे तर गैरहजर माणूस होता! दर डावाला सुरुवातीचा एक चिंचोका, म्हणजे बूट, जाऊन जाऊन त्याची वाटी आपोआप संपणार. मग कुणालाच कड्यावर जावं लागणार नव्हतं.

सोनबा तात्यांना, म्हणजे माझ्या चुलत्यांना, आणि शेजारच्या रखमाजींना मी हे समजावलं. तात्यांच्या गुडघ्याचं नुकतंच ऑपरेशन झालेलं. त्यांना ते लगेच पटलं. आम्ही तिघेही हातात काही आलं तरी पॅक म्हणून पत्ते टाकू लागलो.

बऱ्याच डावांनंतर माझं लक्ष काकांच्या वाटीकडे गेलं. ती उतू जात होती.

मग माझी ट्यूब पेटली. मोबाईलवर गैरहजर माणसाचे पत्ते यंत्रच टाकून देतं. इथे पॅक म्हणायला तोंडच नव्हतं. आम्ही तिघांनी पत्ते टाकले की उरायचे एकटे काका, आणि सगळे बूट त्यांचे. माझ्याच हुशारीने मी त्यांना जिंकवत होतो.

मग आम्ही खेळायला लागलो. पण दर वेळी काकी काकांचे पत्ते उलटायच्या आणि ते आमच्यापेक्षा वरचढ निघायचे. रखमाजींकडे अर्धी वाटी राहिली, माझ्याकडे मूठभर, तात्यांकडे एक चिंचोका. पुढच्या बुटात तो जाणार होता. बाहेर धुकं अंगणाच्या कडेपर्यंत आलेलं. तात्या गुडघा चोळत राहिले. मोबाईलवर असतो तर मी आनंदाने गप्प बसलो असतो. त्या ओल्या कातळावर तात्या उभे राहू शकणार नाहीत, हे मात्र मला बसल्या जागी दिसत होतं.

पत्ते न बघताच मी सगळे चिंचोके पुढे सरकवले. बघितले असते तर मन बदललं असतं.

तात्यांनी, रखमाजींनी पत्ते टाकले. काकींनी काकांच्या वाटीतून माझ्याइतके चिंचोके मोजून ठेवले आणि मला पत्ते उघडायला सांगितलं.

तीन राजे निघाले.

खरं सांगतो, त्या क्षणी तात्या डोक्यातून पार गेले. सुटलो, एवढंच वाटलं.

काकींनी काकांचे पत्ते एकेक करून उलटले. तीनही एक्के होते. त्या हसल्या नाहीत की हळहळल्या नाहीत. त्यांना ते आधीपासून ठाऊक असल्यासारखं वाटलं. तात्या माझ्याकडे बघेनात.

नैवेद्याचं ताट काकींनी माझ्या हातात दिलं. पावसाचं लागेल म्हणून खाली अंथरलेली घोंगडी उचलून माझ्या डोक्यावर घातली. दुपारभर तिच्यावर कुणी बसलं नव्हतं. घोंगडी उबदार होती.

"वाटंत भेटले तर सांग," काकी म्हणाल्या, "तुमचा डाव झाला, आता घरी चला."

मी पायऱ्या उतरलो. दोन पावलांवर धुकं होतं. निदान तात्यांनी हाक मारावी म्हणून मागे वळून बघितलं. काकांची जागा आता मोकळी होती. काकी माझ्या जागेपुढे बसल्या होत्या आणि माझी वाटी चिंचोक्यांनी काठोकाठ भरत होत्या.

मी अजून अंगणातच होतो.