दौलतची चढाई

टीकेवाचून कला वाढत नाही. परखड आणि निःस्पृह टीकाकार ज्या गावाला लाभतो, त्या गावाचं सांस्कृतिक आयुष्य उजळून निघतं. भिवंडीला असा टीकाकार लाभला होता. त्याच्या वाट्याला कलावंत मात्र दोनच आले होते, आणि ते दोघंही खेळण्यांचे सामने भरवत.

सुधीर कर्णिक हे त्या टीकाकाराचं नाव. एका शाळेत वरिष्ठ लिपिक, वय त्रेपन्न. 'हलती खेळणी मंडळ' या संस्थेचे ते अध्यक्ष होते, आणि अध्यक्ष धरून संस्थेत माणसं तीन. खेळणं टेबलावर उभं करायचं, मोबाइलने फोटो काढायचा, खेळण्याचा हात तांदळाएवढा हलवायचा, पुन्हा फोटो काढायचा. असे बारा फोटो झाले की एक सेकंदाची फिल्म होते. बारा फोटो काढायला साधारण पाऊण तास लागतो. या हिशेबाने जगात फारसं काही घडवता येत नाही, पण एक षटक टाकून होतं.

नागसेन रोकडे क्रिकेटच्या फिल्म करायचा. तो जवळच्या वळ गावातल्या एका गोदामात परत आलेल्या मालाच्या विभागात होता. गिऱ्हाइकांनी नाकारलेली खेळणी तिथे येत, आणि ज्यांचं पुढे काहीच होणार नसे ती त्याला साहेबांच्या परवानगीने मिळत. त्यामुळे त्याच्या संघात एक अंतराळवीर होता, दोन पोलीस होते आणि डावा हात नसलेला एक यष्टिरक्षक होता. निवेदिता गुप्ते गणिताच्या शिकवण्या घ्यायच्या आणि लाकडी ठोकळ्यांचा खो-खो करायच्या. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी त्यांच्या क्लासातल्या टीव्हीवर नवी फिल्म लागायची आणि मग कर्णिक बोलायचे.

बोलण्याचे नियम कर्णिकांनीच करून, टाइप करून, क्लासाच्या भिंतीवर लावले होते. पहिल्यांदा एक चांगली गोष्ट सांगायची. मग दोष सांगायचे. दोष चालू असताना ज्याची फिल्म त्याने तोंड उघडायचं नाही. शेवटी त्याने 'धन्यवाद, विचार करतो' एवढंच म्हणायचं. चांगली गोष्ट सांगताना कर्णिकांना त्रास होई, पण ते नियम पाळत. नागसेनच्या एका मूक फिल्मबद्दल ते म्हणाले होते की आवाजाचा उपद्रव नाही. मग पस्तीस मिनिटं दोष सांगितले. नागसेनच्या खोलीमागे कापड विणणाऱ्या लूमचा गाळा होता, लूम चालू असले की टेबल थरथरायचं आणि त्याबरोबर स्टेडियममधले प्रेक्षकही. प्रेक्षकांना हिवताप झाला आहे, असं कर्णिकांचं निदान होतं. शुक्रवारी तो गोदामात असे, एरवी लूम थांबतात ते वीज गेल्यावर, आणि वीज गेल्यावर दिवाही जातो, ही अडचण नागसेनला सांगायची होती. पण नियमाप्रमाणे तो म्हणाला, धन्यवाद, विचार करतो.

त्याच्या दुसऱ्या एका फिल्ममध्ये षटकात सात चेंडू पडले. कर्णिकांनी ते मोजले. नियमात न बसणारा खेळ हा खेळच नव्हे, तेव्हा ही खेळाची फिल्मही नव्हे, असा निर्णय देऊन त्यांनी ती फिल्म मंडळाच्या यादीतून वगळली. ते अंतराळवीराचं पहिलं शतक होतं.

चार वर्षं असं चाललं. मग एका रविवारी निवेदिताबाईंनी पाचवा नियम मांडला: ज्याने मंडळाच्या वर्षात स्वतः एकही फिल्म केली नाही, त्याने पुढच्या वर्षी इतरांच्या फिल्मवर बोलायचं नाही, गप्प बसून बघायचं. ठराव दोन विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला. मंडळाचं वर्ष मार्चअखेर संपतं, कारण ते ठरवलं तेव्हाही अध्यक्ष लिपिकच होते.

कर्णिक त्या दिवशी घरी जेवले नाहीत, असं म्हणतात. ते खोटं आहे, जेवले. पण जेवताना गप्प होते. शाळेत त्यांचं कुणी ऐकत नसे. घरी ऐकून घेत, पण ते वेगळं. माणसं महिनाभर राबतात आणि मग आपल्या तोंडाकडे बघत बसतात, असं त्यांच्या आयुष्यात एकाच ठिकाणी घडत होतं. ती जागा आता फिल्म केल्याशिवाय राहणार नव्हती.

त्यांनी कबड्डी निवडली. कबड्डीची खेळणी बाजारात मिळत नाहीत, म्हणून तारेवर रंगीत क्ले चढवून त्यांनी चौदा गडी केले, सात लाल आणि सात निळे. लाल संघाच्या चढाईपटूचं नाव त्यांनी दौलत ठेवलं. मैदान जेवणाच्या टेबलावर आखलं. आखणीत त्यांनी कसूर केली नाही. नियमांच्या पुस्तिकेतलं मापांचं पान त्यांनी शाळेत छापून आणलं आणि मीटरला चार सेंटिमीटर धरून सगळ्या रेषा काढल्या. पुस्तिकेत मापांचं पान तिसरं होतं. चौथं पान उघडण्याची त्यांना गरज वाटली नाही.

कर्णिकांच्या इमारतीमागेही लूम होतेच. ते शुक्रवारी बंद असत, म्हणून कर्णिक दर शुक्रवारी अर्धी रजा टाकू लागले. पाच महिने दौलत शुक्रवारी दुपारी हलला. बाकीचे दिवस त्याला कुणी हात लावायचा नव्हता, त्यामुळे टेबलही वापरायचं नव्हतं. सरलाबाई, म्हणजे सौ. कर्णिक, आणि घरातली बाकी मंडळी मांडीवर ताटं घेऊन जेवू लागली. एकदा सरलाबाईंनी विचारलं की एवढं काय असतं कबड्डीत, जायचं, शिवायचं आणि परत यायचं. कर्णिकांनी ही टीका नोंदवून घेतली नाही.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी फिल्म तयार झाली. अठ्ठेचाळीस सेकंद. दोन्ही संघ चोवीस-चोवीस. शेवटची चढाई. दौलत जातो, डाव्या कडेने आत घुसतो, कोपऱ्यातल्या निळ्या गड्याला शिवतो आणि परततो. लाल पंचवीस, निळे चोवीस. लाल संघ कप घेऊन नाचतो. नाचाचे चार शुक्रवार होते.

नागसेन त्या दिवशी एकटा आला नव्हता. खारबावचे त्याचे कोंडूमामा चष्मा बदलायला भिवंडीत आले होते, त्यांना त्याने बरोबर आणलं. मामांनी तरुणपणी कबड्डी गाजवली होती आणि नंतर आसपासच्या गावांतल्या स्पर्धांत वीस वर्षं पंच म्हणून काम केलं होतं. कर्णिकांना बरं वाटलं. प्रेक्षक वाढला की कलाकृतीची उंची वाढते, असं त्यांना वाटत असे, अर्थात स्वतःच्या.

फिल्म संपली. निवेदिताबाईंनी चांगली गोष्ट सांगितली, आणि कर्णिकांचा अंदाज चुकवून ती खरोखरच चांगली होती. दौलत वळतो तेव्हा त्याचा खांदा आधी वळतो, पाय मागून, हे त्यांना फार आवडलं. मग त्या म्हणाल्या की शिवण्याआधी त्याने जरासं थांबावं, श्वास दिसावा, म्हणजे बघणाऱ्याचाही अडकेल. कर्णिक म्हणाले की ते मुद्दामच टाळलं आहे. निवेदिताबाईंनी सभेच्या वहीत लिहिलं, 'अध्यक्ष बोलले.' नागसेन म्हणाला की निळ्या गड्यांनी पकडीआधी एकमेकांकडे बघायला पाहिजे, खरे गडी बघतात. कर्णिक म्हणाले की क्लेच्या माना फिरवल्या की तुटतात, हे ज्याने तयार खेळणी वापरली त्याला कळणार नाही. वहीत दुसऱ्यांदा नोंद झाली.

नागसेनने मामांना विचारलं, कसं वाटलं. मामांनी पुन्हा लावायला सांगितलं. कर्णिकांनी आनंदाने लावली. मामांनी तिसऱ्यांदा बघितली, मग चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"गडी बाद हाय," ते म्हणाले.

कर्णिकांनी विचारलं, कोणता गडी.

"तुमचा लाल. लॉबीत पाय गेला त्याचा. शिवायच्या आधी."

मैदानाच्या दोन्ही कडांना एकेक मीटरची पट्टी असते, तिला लॉबी म्हणतात. प्रतिस्पर्ध्याला स्पर्श होईपर्यंत तिथे पाय ठेवायचा नसतो. हे चौथ्या पानावर आहे. कर्णिकांनी लॉबीची रेषा चार सेंटिमीटरवर, पांढऱ्या रंगाने, पट्टी लावून आखली होती. आखली नसती तर जगात कुणालाच काही कळलं नसतं.

त्यांनी फिल्म थांबवून बघितली. दौलतचा डावा पाय पट्टीत होता. नऊ फोटो होता.

कर्णिकांनी मग बरंच सांगितलं. ही कलाकृती आहे, सामना नव्हे. दौलत क्लेचा आहे. मैदानावरची निदानरेषा, बोनसरेषा ही सगळी दृश्यरचना आहे. शिवाय मामांचा चष्मा नवा आहे, सवय व्हायची असेल.

"चष्मा बरा हाय," मामा म्हणाले. "निळं जिंकलंत. आनि कप लाल घेऊन नाचतात. पोरं बघतील, साहेब. हे बरं न्हाय."

नागसेन इतका वेळ खाली बघत होता. तो हळूच म्हणाला, "सर, माझ्या ओव्हरमध्ये सातवा चेंडू पडला होता."

एवढंच म्हणाला. पुढचं कर्णिकांना पाठ होतं, कारण ते त्यांचंच होतं. निवेदिताबाईंनी वहीची मागची पानं उलटून तो निर्णय मोठ्याने वाचला, शिकवणीत गणित वाचावं तसा. नियमात न बसणारा खेळ हा खेळच नव्हे. कर्णिकांचीही फिल्म यादीतून वगळण्यात आली. मार्चअखेरीला सात शुक्रवार उरले होते.

त्या सात शुक्रवारांत कर्णिकांनी जे केलं ते चार वर्षांत केलं नव्हतं. त्यांनी लोकांचं ऐकलं. दौलतला कडेने न नेता मधून न्यायचं ठरवलं, म्हणजे लॉबीचा प्रश्नच मिटला. निळ्यांच्या माना नव्याने केल्या, आत तार घालून, आणि त्यांना एकमेकांकडे बघायला लावलं. श्वासही घातला. दौलतची छाती फुगते आणि बसते, यासाठी त्यांनी कमीजास्त जाडीच्या सहा छात्या करून ठेवल्या आणि दर फोटोला बदलल्या. आता अर्धी रजा पुरेना, म्हणून पूर्ण टाकली. मुख्याध्यापकांनी कारण विचारल्यावर 'कौटुंबिक' लिहिलं. मांडीवर ताट घेऊन जेवणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने ते खोटं नव्हतं.

चौथ्या शुक्रवारी, श्वासाच्या ऐन मध्यावर, टेबल थरथरू लागलं. मागच्या गाळ्यात कुणीतरी एक लूम चालू केला होता. कर्णिक दौलतची छाती हातात घेऊनच खाली धावले. गाळ्यात एकटा कारागीर होता. त्याने सांगितलं, अर्जंट ऑर्डर है, ये सूत का बीम उतरने तक चलेगा. कर्णिक म्हणाले, मेरा खिलाड़ी हिल रहा है. कारागिराने त्यांच्या हातातल्या लाल गोळ्याकडे बघितलं आणि काही वेळ विचार केला.

"खिलाड़ी तो हिलेगा ही ना, साहब," तो म्हणाला.

तरी त्याने लूम बंद केला आणि चहा प्यायला निघून गेला. कर्णिक त्या दिवशी संध्याकाळपर्यंत हलवत राहिले. सरलाबाईंनी दोनदा टेबलाशी येऊन बघितलं. दुसऱ्यांदा त्या म्हणाल्या, हा खरंच दमलेला दिसतोय. सहा महिन्यांत घरून आलेली ही पहिली चांगली गोष्ट होती. कर्णिकांनी ती ऐकल्याचं दाखवलं नाही, पण त्या रात्री पहिल्यांदा तेही मांडीवर ताट घेऊन सगळ्यांच्यात बसले.

मार्चच्या शेवटच्या रविवारी क्लासात चौघं जमली. कोंडूमामा या वेळी चष्म्यासाठी आले नव्हते. राहनाळला भाचीकडे राहून, सकाळची रिक्षा करून, फिल्मसाठीच आले होते. निवेदिताबाईंनी पडदे ओढले.

दौलत मधून आत गेला. निळे एकमेकांकडे बघत साखळी धरून मागे सरकले. दौलत डावीकडे झुकला, उजवीकडे झुकला आणि थांबला. त्याची छाती फुगली. नागसेनने स्वतःचा श्वास धरला आणि दौलत निळ्याला शिवेपर्यंत तो सोडायचं विसरला. मग दौलत फिरला, आधी खांदा, मागून पाय. तिघे निळे त्याच्यावर पडले, तो त्यांना ओढत मध्यरेषेपर्यंत आला आणि त्याचं एक बोट पलीकडे टेकलं.

निवेदिताबाईंनी टाळ्या वाजवल्या. मंडळाच्या इतिहासात टाळ्यांची तरतूद नव्हती. नागसेन म्हणाला की त्याला दोष सापडत नाहीत, आणि त्याने ते सरळ मनाने म्हटलं. कर्णिकांना बोलायचं होतं. माना, छात्या, लूम, सगळं सांगायचं होतं. त्यांनी सगळं गिळलं आणि आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले,

"धन्यवाद. विचार करतो."

मामांनी मान हलवली. लॉबीत पाय गेला न्हाय, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं. गडी चांगला हाय, असंही म्हणाले. मग त्यांनी नागसेनचा मोबाइल मागितला, त्यातलं घड्याळ लावून घेतलं आणि फिल्म पुन्हा एकदा लावायला सांगितली.

कबड्डीत एका चढाईला तीस सेकंद मिळतात. दौलतची चढाई तेहतीस सेकंदांची आहे.