घागरीघागरीने गारवा

मी एक जुना पत्र्याचा कूलर आहे. मित्रांनो, धुळ्याच्या एका कारागिराने मला ठोकून-ठाकून उभं केलं आणि एसटीच्या टपावर बसून मी जळगावच्या कॉलेजात आलो. काम मानाचं होतं. भौतिकशास्त्र विभागातला एकुलता एक कॉम्प्युटर मला थंड ठेवायचा होता. त्याच्या खोलीत सगळे चपला काढून येत. माझ्याकडे मात्र ढुंकून कोणी बघत नसे.

१९९१चा मे होता. तिथे शिकवणाऱ्या प्रमिलाबाई पीएच.डी.साठी चुंबकाचं गणित सोडवत होत्या. पडद्यावर हजारो इवले बाण. प्रत्येक बाण शेजारच्या चौघांकडे बघून वर किंवा खाली तोंड करायचा. गणितातली उष्णता वाढवत नेली की एका ठिकाणी त्यांची एकी मोडायची. ते ठिकाण बाईंना नेमकं हवं होतं, आणि त्याच्याजवळ आलं की गणित भयंकर रेंगाळायचं. कॉम्प्युटर कित्येक दिवस अखंड चालू होता. मध्येच बंद पडला तर सगळं मातीमोल! सोमवारी तो प्रवेशाच्या कामाला जाणार होता, पुन्हा मिळणार नव्हता.

आणि भर दुपारी माझी टाकी कोरडी पडली. नळ आलाच नव्हता. मी कॉम्प्युटरवर गरम वारा फेकू लागलो. त्याच्या पेटीला हात लावला की चटका बसे. पडदा एकदा थरथरला. माझा जीव कासावीस झाला.

शिपाई उखर्डूभाऊ बादली घेऊन मागच्या गल्लीत धावले. खिडकीतून मला सगळं दिसत होतं.

"पाणी काय यंत्रले पाजतस?" पहिल्याच घराच्या ओट्यावरून भिकुबाई कडाडल्या. "आमना घर पेवाले नही शे!"

त्यांचं बघून शेजारणीने दार लावलं. तिचं बघून पलीकडच्या दोघींनी लावलं.

मग प्रमिलाबाई स्वतःच धावल्या. घाईत चपला दाराशीच राहिल्या. भिकुबाईंच्या ओट्यासमोर तापलेल्या फरशीवर त्या एक पाय उचलत, एक टेकत उभ्या राहिल्या.

"अय माय, पाय भाजाई जातीन तुना!" भिकुबाईंनी आपल्या चपला पुढे सरकवल्या. मग आत जाऊन भरलेली घागर घेऊन आल्या. "हाई ले मनी घागर."

शेजारणीचं दार उघडलं. मग पलीकडची दोन्ही. घागरीमागून घागर माझ्या पोटात रिकामी होऊ लागली.

"भाऊ, माझ्या पडद्यावर हेच तर चाललंय," डोळे पुसत बाई उखर्डूभाऊंना म्हणाल्या.

दिवेलागणीला गणित पूर्ण झालं.

बाईंच्या प्रबंधात आभाराचं पहिलं नाव भिकुबाईंचं आहे. माझं कुठेच नाही, याचा मला थोडा रागही आला होता. आता मी गच्चीवर गंजत पडलोय. माझ्या टाकीत कधी घागरभर पाणी ओतलंत तर चिमण्या येतील. पण मित्रांनो, ते राहिलं तरी चालेल. तुमच्या दाराशी कोणी बादली घेऊन आलं, तर आधी शेजारचं दार बघू नका, एवढंच.