ढोली आणि भोंगा

आमच्या वस्तीमागचं निलगिरीचं जंगल सरळ ओळींत उभं आहे. त्याची काळजी घेणारं मंडळ तर त्याहून सरळ. हिरव्या टोप्या घालून दर रविवारी येतात आणि जंगल झाडतात. हो, खराट्यानं. पाला, सालपटं, काटक्या, सगळं पोत्यात. झाडानं पान टाकलं तर यांना ती बेशिस्त वाटते.

माझी ताई याच मंडळात. दवाखान्यात नर्स आहे. जंगलात एक वठलेली निलगिरी होती, तिच्या ढोलीत घुबडाचं जोडपं. त्यांचं पिल्लू खाली पडलेलं ताईला सापडलं, पंख दुखावलेलं. तिनं ते आमच्या न्हाणीघरात ठेवलं, चिमट्यानं भरवलं. आम्ही अंघोळीला शेजारी जायचो.

"अगं ताई, अजून किती थांबायचं?"

"तुझ्या लग्नासाठी थांबलो तेवढं नाही."

पंख बरा झाला. संध्याकाळी ढोलीपाशी नेऊन सोडायचं तिनं ठरवलं. आईबाप अजून हाका मारत होते. पण शहाणी अध्यक्षांना विचारायला गेली.

"असं गुपचूप, सिस्टर?" अध्यक्ष म्हणाले. "जनजागृती कशी होणार? प्रमुख पाहुणे बोलावू. सकाळी ठेवू, उजेड चांगला असतो."

"घुबडाला?"

"फोटोला."

पाहुण्यांना वेळ मिळेना. कार्यक्रम पुढे ढकलला, पुन्हा ढकलला. पिल्लू बादलीवरून खिडकीवर आणि खिडकीवरून माझ्या डोक्यावर उडायला लागलं.

अखेर मुहूर्त लागला. खोका घेऊन आम्ही पोचलो, तर ढोलीच्या झाडाच्या जागी मांडव. मधोमध ताजा बुंधा, त्यावर टेबलक्लॉथ, त्यावर पाहुण्यांची पाण्याची बाटली.

"झाड कुठंय?" ताईनं विचारलं.

"वठलेलं होतं हो. फोटोत मागं भुंडं दिसत होतं," अध्यक्ष कौतुकानं म्हणाले.

"आणि ढोलीतली दोघं?"

"कोण दोघं?"

ताईनं खोका छातीशी धरला. "मग मी याला सोडू कुठं? टेबलक्लॉथवर?"

तोवर भाषण चालू झालं होतं. "प्रत्येक जीवाला घर" असं पाहुणे मांडवालगतच्या झाडावर बांधलेल्या भोंग्यातून ओरडत होते. बोलता बोलता उत्साहाच्या भरात त्यांनी स्वतःच खोक्याचं झाकण ओढलं.

पिल्लू उन्हात आंधळ्यासारखं गरगरलं. बुंध्यावर आलं. टाळ्या पडल्या, तसं बिचकून वर उडालं आणि अख्ख्या झाडलेल्या जंगलात उरलेल्या एकुलत्या एका भोकात शिरलं. भोंग्यात.

"काढा त्याला! पाहुण्यांचं भाषण अर्धं राहिलंय!" अध्यक्ष ओरडले.

ताई शिडीवर चढली. मला वाटलं, पिल्लू काढतेय. तिनं वायर उपटली, खाली उतरली आणि वायर पर्समध्ये टाकली.

"आता बोला," ती पाहुण्यांना म्हणाली. "सावकाश बोला. जंगल आहे."

मांडव रिकामा झाला. आम्ही दोघं बुंध्यावर बसून राहिलो. अंधारायला लागलं तशी पलीकडच्या ओळीतून हाक आली. भोंग्यातून उत्तर गेलं. मग दोन सावल्या फांदीवर येऊन बसल्या, एकीच्या चोचीत उंदीर. ताई रडली. मी दुसरीकडे बघितलं.

पुढच्या रविवारी झाडाखाली पाटी लागली होती: 'मंडळाने घुबडांसाठी खास बसवलेले आधुनिक घरटे.' तिच्या अनावरणाला तेच पाहुणे येणार आहेत. वायर हरवल्याबद्दल अध्यक्षांनी ताईकडे खुलासा मागितलाय.

वायर आमच्या न्हाणीघरात आहे. ताई तिच्यावर टॉवेल वाळत घालते.